‘वाढवा’ नावाचं बटण

पुणे,
२० जुलै २०२५

प्रिय विमलकाकी,

पत्र कसं सुरू करतात ते मला नीट येत नाही. शाळेत दहा मार्कांसाठी लिहिलं तेवढंच. म्हणून आधी नमस्कार करते आणि लगेच विचारते, काका कसे आहेत?

तू म्हणशील, हातात फोन असताना ही पोरगी पत्र का लिहिते! अगं, हा माझ्या अभ्यासाचाच भाग आहे. कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक खास विषय निवडावा लागतो. बहुतेक पोरं नोकऱ्या बघून दुसरीकडे पळाली. मी मानव-संगणक आंतरक्रिया घेतली. म्हणजे यंत्र वापरताना माणूस कुठे अडतो, का अडतो आणि अडू नये म्हणून यंत्र कसं बनवावं, याचा अभ्यास. शिळफाट्याला घरी गेले तेव्हा बाबांना तीनदा समजावून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, “मंजी बटनं कुटं लावायची त्ये शिकतेस. बरं हाय.”

तर मागच्या महिन्यात काकांच्या खाटेला मी जो टॅब बसवून गेले, तोच माझा वर्षाचा प्रकल्प आहे. मार्चमध्ये झटका आल्यापासून काकांची वाचा गेली, उजवा हात गेला, पण डावा हात चांगला चालतो. म्हणून ती बारा बटणं केली. बटण दाबलं की टॅब तो शब्द मोठ्याने बोलतो. पाणी, चहा, जेवण, दुखतंय, पंखा, हो, नको वगैरे. सगळ्यात खाली आवाजाची दोन आहेत, वाढवा आणि कमी करा. तीही आपापलं नाव बोलतात.

आमच्या समीक्षा मॅडमची अट अशी की घरातल्या माणसाने सहा महिने पत्रं लिहायची, फोनवर प्रकल्पाचं बोलायचं नाही. त्या म्हणतात, फोनवर माणसं “बरं चाललंय” म्हणून मोकळी होतात, कागद घेऊन बसलं की खरं बाहेर येतं. तू एक वही कर. काकांनी कुठलं बटण दाबलं, किती वाजता, आणि मग काय झालं, एवढंच लिहायचं. आणि काकी, काही अडलं तर स्वतःला दोष देऊ नकोस. मॅडमचं पहिल्या दिवसाचं वाक्य आहे, वापरणारा कधी चुकत नाही, चुकते ती मांडणी.

तुझी,
भाविका

*

कळंब,
३ ऑगस्ट २०२५

चि. भाविका,

तुला आशीर्वाद, आणि पत्र लिहिलंस म्हणून दोन जास्तीचे. पोस्टमन लिफाफा हातात धरून म्हणाला, “काकी, कोर्टाचं काय काडलंत?” म्हटलं, “कोर्टाचं नाय रं बाबा, पुतनीचं हाय.” त्यालाही बरं वाटलं.

तुझ्या विषयाचं नाव मी बिनचष्म्याने वाचलं ते ‘मानव-संगणक अंत्यक्रिया’ असं. चष्मा लावून पुन्हा वाचलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पण तोवर शेजारच्या अंबूबाईला सांगून बसले होते. ती अजून आळीभर हळहळत फिरते आहे की एवढी हुशार पोर आणि कुठल्या कामाला लागली.

टॅब फार छान आहे. हे पाणी दाबतात, मी पाणी देते. चहा तर दिवसातून सात वेळा दाबतात. डॉक्टरांनी दोनच सांगितलेत, म्हणून बाकीच्या पाच वेळा मला ऐकू येत नाही. एकच सांगते, जेवणाच्या बटणावर तू काटा-चमचा काढला आहेस. ह्यांनी जन्मात काटा हातात धरलेला नाही. ते चित्र बघून हे माझ्याकडे असे बघतात, जणू मीच बाटले.

दुकान मी चालवते. पूर्वी हे गल्ल्यावर आणि मी आत, आता मी गल्ल्यावर आणि हे आत, एवढाच फरक. मध्ये पडदा आहे, दोन्हीकडे कान राहतो. आजूबाजूला रिसॉर्ट वाढलेत, त्यांची माणसं बर्फ न् वेफर्स न्यायला नऊ-नऊ वाजेपर्यंत येतात.

वहीची पानं सोबत जोडली आहेत. सगळं ठीक चाललं आहे. तुला पैकीच्या पैकी मार्क पडोत.

तुझी काकी,
विमल

*

पुणे,
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय काकी,

अंबूबाईंना सांग, मी अजून जिवंत माणसांचंच बघते!

काटा-चमचा काढला. आता ताट आहे, त्यात भात आणि भाकरी. ती वही बघून मॅडम म्हणाल्या, किती स्वच्छ अक्षर. पण एक विचारू? तू प्रत्येक नोंदीपुढे काय झालं ते लिहिलं आहेस. “पाणी. दिलं.” “पंखा. लावला.” फक्त एका बटणापुढे काही लिहिलेलं नाही. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला रोज ‘वाढवा’ आहे, कधी चार वेळा, कधी सहा वेळा, आणि त्यापुढची जागा कोरी. का गं?

मला वाटतं, काकांना टॅबचा आवाज कमी पडतो आहे. त्या वेळी दुकानात गर्दी, रस्त्यावर गाड्या. गणपतीत एक दिवस येते आणि आवाज पूर्ण मोठा करून ठेवते. साधी गोष्ट आहे.

माझंही सगळं ठीक आहे.

भाविका

*

कळंब,
९ सप्टेंबर २०२५

चि. भाविका,

तू आलीस, आवाज पूर्ण मोठा केलास आणि मोदक न खाता पळालीस. आता साडेसातला तो टॅब असा ओरडतो की अंबूबाई तिच्या ओट्यावरून म्हणते, “विमल, तुजा टॅब जेवायला मागतोय गं, वाड त्येला!” रस्त्यावरची पोरं हसतात. मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मी तुला मागच्या पत्रात खोटं लिहिलं. सगळं ठीक नाही. तुझे मार्क जातील म्हणून मी लपवलं. तुझ्या मॅडमचं खरं आहे, कागद घेऊन बसलं की नाही म्हटलं तरी येतंच.

साडेसातला हे ‘वाढवा’ दाबतात. मला पहिल्या दिवशी वाटलं, भूक लागली असेल, ‘वाढ’ म्हणायचं असेल, ते सापडत नाही म्हणून जवळचं दाबतात. मी ताट वाढून नेते. हे ताट डाव्या हाताने लांब सारतात. पुन्हा ‘वाढवा’. मी आणखी भात वाढते, तर माझ्याकडे रागाने बघतात आणि पुन्हा तेच. एकदा वाटी खाली पाडली. वर जेवणाचं बटण आहे, दुपारी तेच बरोबर दाबतात, मग संध्याकाळी काय होतं? नऊला मी दुकानातून आत जाते तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. रात्रीचं जेवण निम्मं सुटलं आहे.

नवनाथने हे दोनदा पाहिलं. माझा लेक तो, त्याच्या मनात वाईट काही नाही. पनवेलहून दर रविवारी येतो. तो म्हणाला, “आई, बाबांना आता कळत नाय गं. टॅब दाबतात त्ये नुसतं बोट चालतं म्हनून. तू दुकान बगशील का त्यांना?” डॉक्टरही म्हणालेच होते की समज किती उरली आहे ते सांगता येत नाही. पनवेलजवळ अशा माणसांना ठेवतात तशी एक संस्था आहे, नवनाथने तिथे जागा सांगून ठेवली आहे. दिवाळी झाली की नेणार.

तो माझ्या दुखऱ्या गुडघ्यांकडे बघून बोलतो, हेही मला दिसतं. पण भाविका, ह्यांना कळत असेल तर? कळत असून मी ह्यांना परक्या माणसांत ठेवलं तर? मला बाकी काही नको. हे आत आहेत की नाहीत, एवढं कुणीतरी मला सांगा.

तुझी,
विमलकाकी

*

पुणे,
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय काकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता मीही खरं लिहिते.

मागच्या सोमवारी आमच्या प्रकल्पांची तपासणी होती. तुझ्या वहीतल्या नोंदी मी पडद्यावर दाखवल्या आणि ‘वाढवा’वर बोट ठेवून म्हणाले, इथे वापरणाऱ्याची समज कमी पडत असावी. हो काकी, मी काकांबद्दल असं म्हणाले. लहानपणी ज्यांनी मला चिंचेच्या गोळ्या मोजून हिशेब शिकवला, त्यांच्याबद्दल. चार परीक्षकांनी माना डोलावल्या. समीक्षा मॅडमनी नाही डोलावली. मग म्हणाल्या, “साडेसात वाजता त्या घरात काय चालू असतं?” मी पुन्हा टॅबच्या नोंदी उघडल्या. “तू टॅबकडे बघते आहेस, घराकडे बघ,” म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला बोलावलं. त्या दिवशी मी विषय बदलायचा अर्ज लिहून ठेवला. अजून दिलेला नाही.

तर एक मदत कर. संध्याकाळी सात ते नऊ घरात काय काय होतं ते सगळं लिही. अगदी फालतू वाटेल तेही. आणि मार्चच्या आधी, काका बरे असताना, त्याच वेळात काय व्हायचं तेही लिही.

आणि ते बटण मी नव्या मांडणीतून काढून टाकलं आहे. आवाजाची बटणं शब्दांमध्ये ठेवायलाच नको होती, ती माझी ढोबळ चूक. दसऱ्याला येते आणि नवीन मांडणी टॅबवर चढवते. म्हणजे निदान काकांना रोजचा तो त्रास नको.

भाविका

*

कळंब,
२६ सप्टेंबर २०२५

चि. भाविका,

अर्ज फाडून टाक, मग पुढचं वाच.

तू सांगितलंस तसं लिहिते. दुपारची वेळ आहे, दुकानात माशा मारते आहे.

सात वाजता देवाजवळ दिवा लावते. ह्यांच्या खोलीतली ट्यूब लावते, उशी उंच करते. हे मला हात धरून दोन क्षण बसवतात, तेवढ्यात गिऱ्हाईक हाक मारतं. सव्वासातला दूध न् अंडी न्यायला बाया येतात. साडेसातला टॅब बोलतो. मी ताट नेते, हे सारतात, मी झाकून ठेवते. पावणेआठला पुन्हा. आठनंतर गाड्या लागतात. कुणाला बर्फ, कुणाला चकण्याचं काही. तोवर टॅबही दमतो. नऊला शटर ओढते. गुडघा इतका ठणकतो की शटर धरून थोडा वेळ तशीच उभी राहते.

आता मार्चआधीचं. तेव्हा हे दुकानात, मी आत. सातला दिवा लावायची आणि तवा ठेवायची. तांदळाच्या चार भाकऱ्या. शेवटची भाकरी उतरवली की साडेसात झालेले असायचे. मग मी चुलीजवळूनच हाक मारायची. हे काही एका हाकेत ऐकणारे नव्हते, गप्पांत रंगलेले असायचे. दोनदा, तीनदा ओरडावं लागायचं की अहो, पुरे झालं, वाढवा आता, भाकरी निवते, अहो, वाढवा

भाविका.

थांब जरा.

२७ सप्टेंबर

काल पेन तिथेच टाकून उठले.

तू शहरात राहतेस म्हणून सांगते. दुकान ‘बंद करा’ असं आपल्यात म्हणत नाहीत. बंद म्हटलं की कायमचं बंद, तोंडाने अभद्र कशाला बोला. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं होतं, दुकान वाढवायचं. मंगळसूत्र तुटलं तर वाढवलं म्हणतो, तसंच. अडतीस वर्षं रोज संध्याकाळी मी ह्यांना ‘वाढवा’ म्हणत आले. माझाच शब्द, आणि मला ओळखू आला नाही! कारण बोलणारी तुझ्या टॅबमधली ती शहरी बाई, आणि ऐकणारी मी. आपली हाक आपण कधी ऐकलेली असते का?

काल संध्याकाळी मी ताट नेलं नाही. साडेसातला टॅब म्हणाला, वाढवा. मी गल्ल्यावरून उठले. बरण्या आत घेतल्या, वेफर्सच्या माळा काठीने उतरवल्या, बाकडं आत ओढलं. गाडीतले दोघे ओरडले, “मावशी, बर्फ!” म्हटलं, “वाडवलं दुकान. उद्या या.” शटर ओढलं आणि आत आले.

हे दाराकडेच बघत होते. मी समोर उभी राहिले तशी ह्यांनी खाटेवर हात आपटला, बस इथे, असा. मी बसले. मग ताट मागितलं. स्वतः, बोट दाखवून. डाव्या हाताने सांडत सांडत दीड भाकरी खाल्ली, आणि मधेच एक तुकडा मोडून माझ्यासमोर धरला. सहा महिने आम्ही दोघं एका वेळी जेवलोच नव्हतो, हे मला तेव्हा कळलं. हे आतल्या खोलीत पडून माझं गुडघ्यापायी कण्हणं ऐकत होते गं. रोज सांगत होते की पुरे झालं, ये आता आत. आणि मी भात वाढत होते.

मी हुंदके देऊन रडले. तर ह्यांनी टॅब ओढला आणि दाबलं, “नको.”

ते बटण काढायला येऊ नकोस. दसऱ्याला जेवायला ये.

नवनाथला रात्रीच फोन केला. तो सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, “आई, योगायोग असंल. तुला वाटतं म्हनून तुला दिसतं.” त्या संस्थेचे कागद घेऊन पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी येतो आहे. सही मी करायची आहे.

तुझी,
विमलकाकी

*

पुणे,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय काकी,

परवा जेवताना तुझ्याशी नीट काही बोलता आलं नाही, काका समोर होते. म्हणून लिहिते.

आवाजाच्या बटणावर काय लिहावं, याचा मी पाच मिनिटंही विचार केला नव्हता. फोनवर असतं तेच उचललं. काकांनी माझ्या बारा शब्दांत शोधलं, त्यांना हवा तो शब्द तिथे नव्हता, तर त्यांनी माझ्या चुकीतून तो काढला. आणि मी म्हणाले, समज कमी पडते! मला माफ करा म्हणून काकांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी चहाचं बटण दाबलं. तू म्हणालीस त्यांनी माफ केलं. मला वाटतं त्यांना खरंच चहा हवा होता.

नवनाथदादाला समजावायला जाऊ नकोस. आमच्यात एक नियम आहे, आणि तो पाळणं सगळ्यात अवघड जातं. बघणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही. वापरणाऱ्याला मदत करायची नाही. समोर बसायचं आणि घडेल ते बघायचं. दादाला नुसता संध्याकाळपर्यंत थांबव. तू गल्ल्यावर राहा. काका दाबतील किंवा नाही दाबणार.

अर्ज फाडला.

भाविका

*

कळंब,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. भाविका,

रविवारी नवनाथ आला. मी काही बोलले नाही. किती अवघड गं तुमचा तो नियम! जीभ चावून चावून दुखायला लागली.

कागद टेबलावर ठेवले होते. म्हणाला, “आई, सही कर, मला सहाची गाडी हाय.” मी म्हटलं, “घावन करते, खाऊन जा.” सहाची गेली. म्हटलं, “पिठलं टाकलंय.” सातची गेली. माझा डाव त्याला कळला असावा, पण बसला बिचारा. बापाच्या पायाशी खाटेवर बसून मोबाइलमध्ये तोंड घालून होता. मी गल्ल्यावर. नेमकी गर्दी. साडेसात झाले. काही नाही. सात पस्तीस झाले, तरी काही नाही. पडद्याआडून बघितलं तर हे लेकाकडे टक लावून बघत होते, टॅबकडे बघतच नव्हते. एका बाईला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

आणि मग टॅब बोलला. “वाढवा.”

नवनाथ उठला. मोबाइल तसाच हातात, नजर त्यातच. पडदा सारून बाहेर आला. मोबाइल खिशात टाकला, दोन बरण्या एका हाताला, दोन दुसऱ्या हाताला, अशा आत घेतल्या. काठी कोपऱ्यात असते, न बघता उचलली, माळा उतरवल्या. बाकडं पायाने आत सरकवलं. मीठवाल्या बाईला म्हणाला, “वाडवलं ताई, उद्या.” शटरला हात घातला आणि अर्ध्यावर ओढलं. आणि तिथेच थांबला.

मी गल्ल्याशी उभी होते. त्याची पाठ होती माझ्याकडे.

मग मागे न वळता म्हणाला, “आई, आता कोन बोल्लं?”

म्हटलं, “तुजा बाप बोल्ला.”

पहिलीपासून बारावीपर्यंत ती हाक ऐकून उठायचा तो. मी आतून ओरडायचे, हे गप्पांत असायचे, आणि अभ्यास टाकून बरण्या आत घ्यायला हाच पळायचा. डोक्याने नाही म्हटलं तरी पाय उठले त्याचे. शटर पूर्ण ओढून तो आत गेला आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. ह्यांनी डावा हात त्याच्या केसांतून फिरवला. तो म्हणत होता, “बाबा, मी तुमाला घेऊन चाल्लो होतो हो.” हे नुसतं थोपटत होते.

काल सकाळी माझ्यासमोर त्याने त्या संस्थेला फोन लावला. म्हणाला, “आमचे वडील येनार नायत. त्यांना कळतं.” एवढंच बोलून ठेवला. आता दुकान साडेसातला वाढतं, गाड्या आल्या तरी. दिवसा मदतीला कशेळ्याहून वनिता म्हणून बाई येते, नवनाथने बघून दिली.

दिवाळीला ये. गणपतीत मोदक टाकून पळालीस तसं या वेळी पळायचं नाही.

तुझी,
विमलकाकी

*

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय काकी,

तुझं ते पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. तुझी परवानगी न घेता, रागावू नकोस. ‘तुजा बाप बोल्ला’पाशी मी कागद मॅडमच्या हातात दिला, पुढचं त्यांनी वाचलं. मागच्या वेळी माना डोलावणारे परीक्षकही बसले होते. त्यातले एक नंतर म्हणाले की आमच्या घरीही एक आजी आहेत.

एक गोष्ट मात्र मला छळते आहे. दिवाळीत मी काकांसाठी नवं बटण करून आणलं होतं. वाटलं होतं, सगळ्यात आधी त्यांना तुला हाक मारता यायला हवी. म्हणून ‘विमल’ असं लिहिलं, तुझा फोटोही लावला. काकांनी ते पाहिलं आणि मान फिरवली. मी तिथे असेपर्यंत एकदाही दाबलं नाही. मी पुन्हा काही चुकले का? तुला काही माहीत असेल तर लिही.

आता मी मांडणीच बदलली आहे. प्रत्येक बटणाच्या कोपऱ्यात पेन्सिलचं चित्र आहे. ते दाबलं की शब्द तुम्हीच बदलू शकता, आणि आवाजही आपल्या माणसाचा भरू शकता. नवनाथदादाला दाखवलं आहे. माझ्या वसतिगृहात बसून मी तुमच्या घरातले शब्द निवडायचे नाहीत, एवढं मला कळलं.

भाविका

*

कळंब,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. भाविका,

तू शिकतेस ते बरंच, पण लग्न झाल्याशिवाय काही गोष्टी तुमच्या कॉलेजात कळायच्या नाहीत.

अगं, ह्यांनी मला नावाने कधी हाक मारली आहे का? चारचौघांत तर नाहीच, एकट्यातही नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं. मी ह्यांना ‘अहो’ आणि हे मला ‘अगं’. माझं नाव ह्यांना ठाऊक तरी आहे का, असं मी चिडून विचारायचे. आणि तू सरळ फोटो लावून ‘विमल’ लिहिलंस! म्हातारा लाजला, दुसरं काय. तुझ्यासमोर बायकोचं नाव कसं दाबणार?

नवनाथने ती पेन्सिल दाबून शब्द बदलला. आवाज कुणाचा भरायचा, यावर दोन दिवस गेले. त्या शहरी बाईने मला ‘अगं’ म्हणावं हे मला पटेना. शेवटी नवनाथनेच भरला. लहानपणी बापाची हुबेहूब नक्कल करायचा आणि त्यासाठी मार खायचा. बरोबर आलेल्या सूनबाईला बाहेर पाठवलं, दार लावलं, घसा खाकरला आणि बापाच्या आवाजात, थोडा वैतागून, शेवट ओढत म्हणाला, “अगंऽ!” हे खाटेवरून बघत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले, तोंड एका बाजूला ओढलेलं तसंच, पण हसले.

आता दिवसातून चाळीस वेळा दाबतात. वही ठेवायची सोडून दिली आहे मी, माफ कर. चाळीस वेळा वाकडा गुडघा घेऊन आत जाते आणि विचारते, “काय वो?” तर काही नाही. पाणी नको, पंखा नको, चहासुद्धा नको. काम काहीच नसतं. मी आले एवढं बघतात, आणि पुन्हा डोळे मिटून पडतात.

मी खूप ओरडते. पण जाते.

तुझी काकी,
विमल